आधी लिटर मोजा: आयात तेलाची गरज आपल्या बाजूने कशी कमी करावी

तेलाची आयात घटावी असं म्हणणारे दोन बाजूंनी येतात. काहींना बाहेर जाणारा पैसा आणि पुरवठा अडण्याची धास्ती सतावते. ती धास्ती पोकळ नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी काही देशांचा पुरवठा तोडला आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरच्या आसपासून १२ डॉलरच्या जवळ पोचला. नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत तर रविवारी खासगी गाडी रस्त्यावर काढायलाच बंदी घालावी लागली. दुसऱ्या बाजूच्या लोकांना काळजी आहे हवेत साठणाऱ्या कार्बनची. कोणी किती कपात करायची, कधी करायची, खर्च कोणी सोसायचा, यावर वाद चालूच राहणार. टाकीत पडणारा लिटर मात्र दोघांचा एकच आहे. पेट्रोलचा लिटर वजनाला पाऊण किलो भरतो आणि जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड देतो. डिझेलचा सुमारे २.७ किलो. कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, म्हणून वजन वाढतं.

बहुतेक ठिकाणी या दोन्ही काळज्या एकाच उपायाने मिटतात. काही ठिकाणी मिटत नाहीत, आणि नेमकी तिथेच माणसं फसतात. त्या जागा पुढे आकड्यांसह दिल्या आहेत.

तेल कुठे जातं ते आधी ओळखा

पहिली चूक इथेच होते. दिवे बदलले, छतावर सौर पॅनेल बसवले, आणि तेल वाचलं असं धरून चाललं. जगातल्या विजेपैकी जेमतेम ३ टक्के वीज तेलापासून होते. दिवा बंद केला की बहुतेक ठिकाणी कोळसा किंवा नैसर्गिक वायू वाचतो. ते चांगलंच आहे, पण तेलाच्या खात्यात त्याची जमा होत नाही. पॅनेलमुळे तेल तेव्हाच वाचतं, जेव्हा ती वीज डिझेल जनरेटरची, डिझेल पंपाची किंवा पेट्रोल गाडीची जागा घेते.

म्हणून एका कागदावर फक्त तेल जाळणाऱ्या गोष्टी लिहा: गाड्या, जनरेटर, पंप आणि शेतीची यंत्रं, स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल, विमानप्रवास. गॅसही या यादीत येतो, कारण एलपीजी काही अंशी कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून आणि काही अंशी नैसर्गिक वायूच्या विहिरींतून मिळतो. प्रत्येकासमोर महिन्याचे लिटर किंवा किलो मांडा. साधारणपणे एक-दोन ओळीच सगळ्या बेरजेवर भारी पडतात. काम तिथूनच सुरू करायचं.

इंधनाची वही

गाडी किती देते हे डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून ठरवू नका. तो बऱ्याचदा खऱ्यापेक्षा चांगला दाखवतो. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हीच खात्रीची पद्धत.

नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथपर्यंत टाकी भरा आणि थांबा. किलोमीटर काट्याचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी टाकी निम्म्याखाली गेल्यावर पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंतच भरा, आणि काट्याचा आकडा व भरलेले लिटर दोन्ही लिहा. समजा पहिला आकडा १४,२१० आणि दुसरा १४,६५५ आहे, आणि ३१.२ लिटर बसलं. म्हणजे ४४५ किलोमीटरला ३१.२ लिटर. ॲव्हरेज आलं लिटरला १४.३ किलोमीटर, १०० किलोमीटरला ७ लिटर. अशा निदान तीन भरण्यांची सरासरी काढा, एकीवर विसंबू नका.

आकडा चुकतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, कटऑफनंतर राउंड फिगर करायला आणखी थोडं ओतणं. त्याने हिशेब बिघडतोच, शिवाय टाकीतली वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल शिरून तो निकामी होऊ शकतो. दोन, प्रत्येक वेळी वेगळ्या पंपावर वेगळ्या उतारावर गाडी उभी करणं. टाकी तिरकी असली की कटऑफ एक-दोन लिटर आधी-नंतर होतो. छोट्या टाकीच्या दुचाकीत तर एवढ्याने आकडा पार भलताच येतो.

वहीत १०० किलोमीटरला किती लिटर हा रकाना जरूर ठेवा, कारण ॲव्हरेज डोळ्यांना फसवतं. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी १० वर आणली तर दर हजार किलोमीटरला १२५ चे १०० लिटर होतात, वाचले २५. लिटरला २० देणारी २५ वर आणली तर ५० चे ४० होतात, वाचले १०. ऐकायला दुसरी सुधारणा मोठी वाटते, पण तेल पहिलीत अडीचपट वाचतं. घरात किंवा व्यवसायात अनेक गाड्या असतील तर सगळ्यात जास्त पिणारी गाडी आधी हाती घ्या, चांगली गाडी आणखी चांगली करत बसू नका.

आहे त्याच गाडीत

सुरुवात टायरपासून. हवेचा योग्य दाब दाराच्या चौकटीवरच्या किंवा टाकीच्या झाकणाआतल्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. तो भरायचा दाब नव्हे. हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन किलोमीटरच्या आत. टायर तापला की दाब ३-४ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) चढतो. गरम टायरमध्ये बरोबर आकडा भरला की सकाळी तोच टायर कमी हवेचा निघतो, आणि मालक मात्र महिनाभर निर्धास्त असतो. चारही टायरांत १ पीएसआय कमी असेल तर इंधन सुमारे ०.२ टक्का जास्त जातं. हे किरकोळ वाटेल, पण महिनोन्‌महिने न पाहिलेल्या टायरांत ८-१० पीएसआयची तूट सहज सापडते, आणि टायरच्या कडाही झिजतात. दर पंधरा दिवसांनी बघा. स्वतःचा छोटा गेज घ्या. सगळीकडच्या मशीनचा काटा सारखा नसतो.

मग ब्रेक बघा. मोकळ्या रस्त्यावर दहाएक किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा, आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, आच जाणवते. एक चाक इतरांहून स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटतो आहे आणि इंजिन सतत त्याच्याशी झगडतं आहे. दुचाकी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा; दोन-तीन फेरे मोकळे फिरायला हवं. साखळी फार ताणलेली असेल तर तीही शक्ती खाते. ढिलाई किती ठेवायची ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज जुना झाला तरी टिकून आहे. कार्बोरेटरच्या इंजिनात तुंबलेला फिल्टर इंधन वाढवतो. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात आत आलेली हवा संगणक मोजतो आणि पेट्रोल तेवढंच सोडतो, त्यामुळे ॲव्हरेज फारसं हलत नाही. गाडीचा उचल मात्र मंदावतो. फिल्टर वेळेवर बदलाच, पण त्यातून लिटर वाचतील ही अपेक्षा ठेवू नका. इंधनाच्या नळीवर बांधायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या जादूच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नका.

चालवण्यात सगळ्यात मोठा भाग वेगाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. छतावरचं रिकामं कॅरिअरही तेवढ्याच वेगाने हवा कापत असतं. काम झालं की काढून ठेवा.

उतारावर किंवा सिग्नलकडे जाताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची सवय इंजेक्शनच्या गाडीत उलटी पडते. गिअरमध्ये राहून पाय उचललात तर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पूर्ण बंद होतात, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःला चालू ठेवायला इंधन लागतंच, शिवाय इंजिनचा ब्रेकही हातातून जातो. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. दहा सेकंदांहून अधिक थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा सुरू करण्यात कमी इंधन जातं. बॅटरी जुनी असेल तर अर्ध्या मिनिटाहून लहान थांब्यांसाठी हे करू नका, नाहीतर ती दगा देईल.

छोट्या फेऱ्या जोडा. थंड इंजिन पहिले काही किलोमीटर जास्त पितं, म्हणून तीन वेगवेगळ्या वेळच्या तीन फेऱ्यांपेक्षा एका फेरीत तीन कामं स्वस्त पडतात.

विजेवर जाण्याआधीचं गणित

विजेच्या गाडीने तेल वाचतं यात शंका नाही. कार्बन किती वाचतो हे वीज कशापासून होते त्यावर अवलंबून असतं, आणि हे गणित दोन मिनिटांचं आहे.

लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार १०० किलोमीटरला ६.७ लिटर घेते. कार्बन डायऑक्साइड सुमारे १५ किलो. त्याच आकाराची विजेची मोटार चार्जिंगमधली गळती धरून साधारण १७ युनिटं घेते. १५ ला १७ ने भागा: ०.९. म्हणजे तुमच्या वीजजाळ्यात युनिटमागे ०.९ किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघत असेल तर विजेची मोटार हवेसाठीही चांगली. निव्वळ कोळशाची वीज युनिटमागे ०.९ ते १ किलोच्या घरात असते, नैसर्गिक वायूची ०.४ च्या जवळ. बऱ्याच देशांत वीजजाळ्याचा हा सरासरी आकडा दरवर्षी अधिकृतपणे जाहीर होतो. तो शोधून इथे टाका. तेल काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणतानाचा कार्बन या हिशेबात नाही, तसा बॅटरी बनवतानाचाही नाही. बॅटरीचं हे कर्ज धावलेल्या किलोमीटरमधून फिटतं, म्हणून रोज खूप पळणारी गाडी आधी बदलावी. महिन्यातून दोनदा निघणारी शेवटी.

दुचाकीचं गणित याहून सोपं. पेट्रोलची दुचाकी १०० किलोमीटरला २ लिटर घेते, म्हणजे ४.६ किलो कार्बन डायऑक्साइड; विजेची स्कूटर त्यासाठी ३ ते ३.५ युनिटं घेते. भागाकार १.३ च्या वर जातो, आणि इतकी काळी वीज सहसा कुठल्याच जाळ्यात नसते. तेव्हा आयात तेल आणि हवामान दोन्ही डोळ्यांसमोर ठेवले तर दुचाकी विजेवर नेण्यासाठी कशाचीही वाट बघायची गरज नाही. नॉर्वे स्वतः तेल निर्यात करणारा देश, तरी २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत सुमारे ८९ टक्के निव्वळ बॅटरीवरच्या होत्या. तिथली वीज जवळपास सगळी जलविद्युत असल्याने फायदा दोन्हीकडे पुरेपूर मिळतो.

स्वयंपाकाच्या गॅसला हाच हिशेब लावला की चित्र पालटतं. १ किलो एलपीजीत सुमारे १२.७ युनिटं उष्णता असते. शेगडीवर तिच्यातली निम्मी ते दोन तृतीयांश भांड्यात उतरते. तेवढंच काम इंडक्शन शेगडी ८ ते ९ युनिटांत करते. गॅसच्या किलोचा कार्बन डायऑक्साइड ३ किलो. ३ ला ८.५ ने भागलं की ०.३५. वीज याहून काळी असेल तर इंडक्शनने तेल वाचतं, हवामानाचं मात्र नुकसान होतं. आयातीच्या काळजीने इंडक्शन घेणाऱ्याला हे माहीत असावं. छतावर पॅनेल असतील आणि स्वयंपाक दिवसा होत असेल तर अडचण उरत नाही. बसवताना एवढं बघा: २ किलोवॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचते, म्हणून तिला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि त्या भाराची वायर हवी. भांड्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटलं पाहिजे आणि बूड सपाट हवं. गॅस ठेवणार असाल तर ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका, झाकण ठेवा, आणि ज्योत पिवळी झाली की बर्नरची भोकं साफ करा.

जनरेटर

तेलाची मोठी गळती इथे असते आणि फार कमी जण तिकडे बघतात. २० किलोवॅटचा डिझेल जनरेटर पूर्ण भारावर तासाला सुमारे ६ लिटर पितो; युनिटमागे ०.३ लिटर. त्यावर ५ किलोवॅटचाच भार ठेवला तर खप चौथाईवर येत नाही. तो सव्वादोन लिटरच्या आसपास अडतो, म्हणजे युनिटमागे ०.४५ लिटर. इंजिनला स्वतःचं घर्षण, पंखा, पाण्याचा पंप हे सगळं ओढायला तेवढंच लागतं, भार असो वा नसो. ०.४५ लिटर म्हणजे १.२ किलो कार्बन डायऑक्साइड; कोळशाच्या विजेहूनही वाईट.

कमी भाराने यंत्रही बिघडतं. ३० टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल धुराड्यात उतरतं, सायलेन्सरच्या जोडांतून काळं तेलकट पाणी झिरपू लागतं, आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) गुळगुळीत होऊन इंजिन ऑइल खायला लागतं. असं पाणी दिसलं तर जनरेटर भाराला मोठा आहे असं समजा.

करायचं ते असं. आठवडाभर रोज वेगवेगळ्या वेळी क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) प्रत्येक फेजचा करंट मोजून लिहा. नेहमीचा भार क्षमतेच्या ६० ते ८० टक्क्यांत बसेल असा संच हवा. मोठा संच बहुतेकदा एखाद्या मोटरच्या सुरुवातीच्या झटक्यासाठी घेतलेला असतो; थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. त्या मोटरला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावला की लहान संचावर भागतं. रात्रीच्या किरकोळ भारासाठी बॅटरी ठेवा: जनरेटर दोन-तीन तास चांगल्या भारावर चालवून ती भरायची आणि मग तो पूर्ण बंद.

डिझेल पंप

नवीन पंप घेण्याआधी पाण्याला खरोखर किती शक्ती लागते ते काढा. २०० लिटरचं पिंप डिलिव्हरी पाइपाच्या तोंडाखाली धरा. ४० सेकंदांत भरलं तर सेकंदाला ५ लिटर. पाणी एकूण २० मीटर चढत असेल तर ५ × २० × ९.८१ ÷ १००० = सुमारे १ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी शाफ्टवर २ किलोवॅट, म्हणजे ३ हॉर्सपॉवरचं काम. तिथे ८ हॉर्सपॉवरचं इंजिन धडधडत असेल तर डिझेल कुठे जातं ते कळलं.

पाइपात पैसे वाचवू नका. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून ढकललं तर घर्षण सुमारे बत्तीसपट होतं. पाइप हौदाच्या काठाहून दोन मीटर वर नेऊन पाणी सोडत असतील तर तो वरचा दोन मीटर पाण्याला फुकट चढवला जातो. २० मीटरच्या चढावात हा १० टक्के तोटा, आणि पाइप कापून काठाला आणला की तो संपतो. दर वेळी पंपात पाणी भरावं लागत असेल तर फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या बुडाची झडप) गळतो आहे किंवा सक्शनचा जोड हवा ओढतो आहे. हे सगळं दुरुस्त केल्यावरच सौर पंपाचं माप काढा. मोटरच्या शक्तीच्या सव्वा ते दीडपट पॅनेल लागतात. गळक्या व्यवस्थेवर माप काढलं तर ती गळती तुम्ही पॅनेलच्या रूपात विकत घेता.

मिश्र इंधनांबद्दल

पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा ७ टक्क्यांच्या आसपास घटते. वहीतलं ॲव्हरेज खाली गेलं तर आधी हे कारण तपासा आणि मग मेकॅनिककडे जा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पाण्याचा थर तळाला बसू शकतो, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील फुगतात किंवा तडकतात. आयातीला इथेनॉलने आळा बसतो हे ब्राझीलने १९७५ पासूनच्या ऊस-इथेनॉल कार्यक्रमातून दाखवलं. हवामानाला फायदा किती, हे पीक कोणतं, खत किती आणि जमीन कुठून आली यावर ठरतं. उसाचा हिशेब बरा बसतो, मक्याचा बराच कमी.

खाद्यतेल थेट डिझेल इंजिनात ओतू नका. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं हे खरं, पण आजचे इंजेक्टर त्यासाठी बनलेले नाहीत. वनस्पती तेल डिझेलहून दहापटीहून अधिक घट्ट असतं. फवारा नीट फुटत नाही, नोझलवर कार्बन जमतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, आणि खाली झिरपलेलं तेल इंजिन ऑइलचा गोळा करतं. प्रक्रिया केलेलं बायोडिझेल वेगळं. ते उत्पादकाने मान्य केलेल्या प्रमाणातच वापरा. जुन्या टाकीत पहिल्यांदा भरलं की साचलेली घाण सुटून फिल्टर तुंबतो, म्हणून पहिल्या काही टाक्यांसाठी सुटा फिल्टर जवळ ठेवा.

तीन महिन्यांनी

वही पुन्हा उघडा आणि या वेळी महिन्याला जळलेले एकूण लिटर बघा. ॲव्हरेज सुधारलं, पण लिटर तेवढेच राहिले, असं बऱ्याच वह्यांत निघतं. गाडी स्वस्त पडू लागली की फेऱ्या वाढतात. काट्याच्या आकड्यांवरून महिन्याचे किलोमीटर काढले की हे लगेच कळतं. तसं दिसलं तर पुढचं काम गाडीवर करायचं नाही. कोणत्या फेऱ्या वाढल्या ते वहीत तारखेसमोर लिहायला लागा, आणि त्यातल्या तीन किलोमीटरच्या आतल्या सायकलवर किंवा पायी करा. त्या जवळपास सगळ्या थंड इंजिनावर होत असतात, म्हणून त्यांचा दर किलोमीटरचा खर्च सगळ्यात जास्त असतो.